आठवी-नववीचा वर्ग हातात आला असेल तर

नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक भेटले की हमखास विचारतात, "बाई, पोरांना मोटिव्हेट कसं करायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. भाषण करू नका. ५ सप्टेंबरला होतात तेवढी पुरेत. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान-गणित शिकवून मी निवृत्त झाले, आणि भाषण ऐकून एखाद्या पोराचं आयुष्य वळलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्यांचं वळलं त्यांच्यात कुणाला तरी नेमकं काहीतरी दिसलं होतं, त्या माणसाने ते पोराला तोंडावर सांगितलं होतं आणि पुढचा फॉर्म कुठे मिळतो हेही दाखवलं होतं. एवढंच. पण हे 'एवढंच' करायला वर्ष जातं, म्हणून सविस्तर लिहिते. आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांसाठी लिहितेय. दहावीत पोरांना आणि आपल्यालाही मान वर करायला सवड नसते.

'मोठेपणी कोण होणार?' हे विचारू नका

हा प्रश्न विचारलात की पोलिस, मिलिटरी, नर्स, कलेक्टर आणि 'बाई, तुमच्यासारखी' एवढीच उत्तरं येतात. पगार घेणारी जी माणसं पोरांनी पाहिलीत, त्यांची ही यादी असते. आमच्याकडे त्यात एक जास्तीचं उत्तर: "गलाईला जाणार." विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत, केरळपासून दिल्लीपर्यंत. मामा नाहीतर चुलता तिकडे असतो आणि दहावी झाली की पोरगा त्याच्या दुकानात जातो.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षकांनी असाच प्रश्न केला, तेव्हा आपल्या देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांनी 'मी यशवंतराव चव्हाण होणार' असं लिहून दिलं होतं. आत्मचरित्रात त्यांनीच ते सांगितलंय. पण असं उत्तर देणारा पोरगा तुमच्या वर्गात असेलच असं नाही. बाकीच्यांना दुसरं काहीतरी विचारायला हवं.

मी विचारायची: रविवारी काय करतोस? घरातलं कुठलं काम तुझ्यावाचून अडतं? काय बिघडलं की तुला हाक मारतात? मग बघा कशी उत्तरं येतात. कुणी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करतो. कुणी यंत्रमागावर तुटलेला धागा जोडते. कुणी आजीच्या पेन्शनसाठी बँकेत जाऊन स्लिप भरते. द्राक्षबाग असलेल्या घरातला एक पोरगा म्हणाला, "जीएचं पाणी मीच करतो, आप्पांना पीपीएम जमत नाही." जीए म्हणजे द्राक्षाच्या घडांसाठी वापरायचं जिबरेलिक ॲसिड, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. दहा पीपीएमचं शंभर लिटर द्रावण करायला पावडर किती लागते, हे त्याला मी फळ्यावर करायला लावलं. एक लिटरला दहा मिलिग्रॅम, शंभर लिटरला हजार मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. गणितात पस्तीसच्या काठावर असणारा पोरगा, एककांचं रूपांतर न अडखळता करून खाली बसला.

ही उत्तरं लक्षात राहतील या भरवशावर राहू नका. एक वही घाला आणि प्रत्येक पोराला एक पान द्या. त्यात मार्क लिहायचे नाहीत, मार्कांना रजिस्टर आहे. काय दिसलं ते तारखेसह लिहायचं. 'प्रयोगाच्या वेळी सगळ्यांची भांडी हिने विसळली, न सांगता' हीसुद्धा नोंदच. दिवाळीपर्यंत काही पानं कोरी राहतात. ती मधल्या बाकांवरच्या पोरांची असतात. हुशार पोरं आणि दंगेखोर पोरं यांच्याकडे आपलं लक्ष आपोआप जातं, मधल्यांकडे मुद्दाम द्यावं लागतं. दिवाळीनंतर आधी कोरी पानं घ्या.

दिसलं ते नेमकं सांगा

"हुशार आहेस", "अजून प्रयत्न कर" या वाक्यांचा पोरांना काडीचा उपयोग नाही. कौतुक असं हवं की पोराला ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगता आलं पाहिजे.

एका मुलीचं सांगते. घरी दोन गाई, एक म्हैस. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल यायचं आणि ते तपासायचं काम हिच्याकडे. एकदा मधल्या सुट्टीत बिल घेऊनच आली. "बाई, फॅट तेवढीच हाय, मग एसएनएफ कशी काय उतरली?" एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला धरून दर ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापतात, हे तिला पाठ होतं. पण एसएनएफ मोजतात कशी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते विचारायला ती माझ्याकडे आली, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतला लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजायची तरंगती नळी, आणि उंच मोजपात्र वर्गात नेलं. तिने घरचं दूध आणलं. मोजपात्रात दूध काठोकाठ भरलं, लॅक्टोमीटर सोडला, तो खालीवर होऊन स्थिरावला आणि तिने डोळा दुधाच्या पातळीला आणून आकडा वाचला. मग दुधात पेलाभर पाणी मिसळून पुन्हा मोजलं. लॅक्टोमीटर आणखी खाली गेला आणि आकडा उतरला. घनतेचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होते, पण त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरंसुद्धा टेबलाभोवती गोळा झाली. मग सूत्र. लॅक्टोमीटरच्या रीडिंगला चारने भागायचं, त्यात फॅटचा पाचवा भाग मिळवायचा आणि वर एक ठरलेला छोटा आकडा. डेअरीच्या मशीनवर दिसणारी एसएनएफ याच जातीच्या हिशेबातून येते. तिने घरच्या बिलावरचे सगळे आकडे वहीत उतरवून मांडले. दुपारी गाईंना पाजल्याबरोबर धार काढली की रीडिंग उतरतं का, असा एक प्रश्नही तिने स्वतःच काढला. त्याचं उत्तर मला देता आलं नाही. मी म्हटलं, तूच बघ, आठवडाभर मांडून ठेव.

शनिवारी तिला बाजूला घेऊन मी एवढंच बोलले: "आकडा चुकीचा वाटला की तू गप्प बसत नाहीस, तो कुठून आला ते शोधतेस. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाकडून हेच मागतात. आणि त्याचा पगार मिळतो." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. असल्या खोडीचे कुणी पैसे देतं, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढे तिने रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि आज ती एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. पण ते नंतरचं. त्या शनिवारी तिला फक्त स्वतःबद्दल एक वाक्य मिळालं होतं, आणि त्याला पुरावा तिच्याच वहीत होता.

पुरावा नसेल तर कौतुक करू नका. पोरांना खोटं लगेच कळतं, आणि मग खरंही खोटं वाटायला लागतं.

गलाईला जाणाऱ्याला कमी लेखू नका

'शिकला नाहीस तर गलाईला जाशील' असं बोलणारे शिक्षक मी ऐकलेत. ज्याच्या बापाने गलाईच्या पैशावर घर बांधलंय, त्याच्यासमोर हे बोलून काय मिळवता? पोरगा त्याच दिवशी तुमच्यापासून तुटतो.

उलट तो धंदा वर्गात आणा. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते, सोनं विरघळत नाही, या एका गोष्टीवर त्याच्या मामाचं दुकान चालतं. सोनं विरघळवायला नायट्रिकबरोबर हायड्रोक्लोरिकही लागतं, त्यालाच आम्लराज म्हणतात. आम्ल-धातू अभिक्रियेच्या धड्याला गलाईवाल्यांच्या पोरांना उभं करून विचारा, पिवळसर तांबडा धूर कशाचा निघतो आणि तो नाकात गेला तर काय होतं. नायट्रोजन डायऑक्साइड हे नाव सांगायच्या आधी त्यांना त्याचा वास माहीत असतो. मग त्यांना सांगा की सोन्याची शुद्धता तपासणं, हॉलमार्किंग करणं ही वेगळी, शिकून करायची कामं आहेत. जाणारा जाईलच. पण बारावी सायन्स करून गेला तर त्याच दुकानात त्याची जागा वेगळी असेल, हे मामालाही पटतं. मी पटवलंय, फोनवर.

एकट्याने करू नका, ओळख करून द्या

चांगल्या शिक्षकांची एक खोड असते, सगळं आपणच करायचं. ते जमत नाही आणि करूही नये. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी काय केलं ते क्रमाने पाहा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याच्याशी बोलायला लागले. तो १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात दिलं. आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेऊन महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. स्वतःच्या पगारात जे होणार नव्हतं त्यासाठी ते दुसऱ्याच्या दारात गेले. आपण बहुतेक जण पुस्तक देऊन थांबतो.

कधीकधी मात्र स्वतःच्या खिशातही हात घालावा लागतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तुम्ही घर गहाण टाका असं मी म्हणत नाही. फॉर्मची फी भरा म्हणते.

ओळखी करून द्यायला मोठी माणसं शोधत बसू नका. कलेक्टर शाळेत आले तर पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यांच्याच वाडीवरचा, त्यांच्याहून चारपाच वर्षांनी मोठा, मिरजेच्या नाहीतर कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारा पोरगा बोलावा. त्याला भाषण करू देऊ नका. खोली किती रुपयांना मिळाली, पहिल्या सेमिस्टरला कुठला विषय राहिला, इंग्रजीतलं लेक्चर कळायला किती महिने लागले, हे पोरांना विचारू द्या. ७ नोव्हेंबर हा त्यासाठी चांगला दिवस आहे. १९०० साली त्याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं, म्हणून तो विद्यार्थी दिवस. शाळेत तसाही कार्यक्रम असतोच. निबंध-वक्तृत्व अर्ध्या तासात आटपा आणि उरलेला वेळ या पोरांना द्या. आणि तिथे एकाला नाही, दोघातिघांना बोलवा, त्यात एक आयटीआय केलेला असू दे, एक मुलगी असू दे, आणि जमलं तर एकदा नापास होऊन पुन्हा बसलेला असू दे. सगळ्यात जास्त प्रश्न त्यालाच विचारतात.

घरी जा, पण वेळ बघून

हे सगळ्यात अवघड काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. पोराच्या मनात काय आहे ते कळलं, रस्ता दिसला, आणि तरी घरचा माणूस 'नको' म्हणाला तर सगळं तिथेच थांबतं.

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर जा. सकाळी कुणाला वेळ नसतो आणि बाजाराच्या दिवशी घरात कुणी नसतं. सोप्यात बसा, चहा घ्या, नाही म्हणू नका. आधी आजीशी बोला. वडील होकार देतात, पण तो टिकायला आजीचा होकार लागतो. पोराला तिथे बसवून ठेवू नका, बापाला पोरासमोर पैशाची अडचण सांगायला जड जातं.

"पोरगी हुशार आहे, शिकवा" असं म्हणालात तर वडील म्हणतील, "व्हय बाई, शिकवायचीच की," आणि विषय संपेल. आकडे घेऊन जा. दहावीनंतर मुलीला डिप्लोमासाठी मिरजेला पाठवायचं होतं, त्या घरी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"बाई, पोरगी मिरजंला ठिवायची म्हंजी खर्च झेपाय पायजे. आन् लोकं काय म्हणत्याल?"

"लोकांचं मागनं बघू. आधी खर्चाचं बोलू. वहीत लिहून आणलंय."

"लगीन बी करायचं हाय की हिचं."

"करा की. आत्ता सोळा वर्षांची हाय. कायद्यानं अठरापातूर थांबायचंच हाय. डिप्लोमा तीन वर्षांचा. एक वर्स जास्तीचं लागतंय, तेवढंच."

आजी आतून म्हणाली, "एकच वर्स व्हय?" आणि तिथून गाडी रुळावर आली. लग्नाच्या विरोधात मी कधी बोलले नाही. बोलले असते तर चहाचा कप तसाच राहिला असता.

वहीत काय लिहून न्यायचं? एसटीचं: खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी पास फुकट आहे, तेव्हा तालुक्याला अकरावी करायची असेल तर भाड्याचा प्रश्नच नाही. फीचं: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. हॉस्टेल आणि मेस यात येत नाही, हे तिथल्या तिथे सांगून टाका. लपवलंत आणि नंतर कळलं तर पुढच्या वर्षी त्या गल्लीत तुमचं कुणी ऐकणार नाही. आणि आजूबाजूच्या गावातली कुठली मुलगी तिथे आधीच आहे, तिचं नाव आणि तिच्या घरच्यांचा नंबर, त्यांना विचारून घेतलेला. फीमाफीपेक्षा हा नंबर जास्त कामाला येतो.

एका भेटीत होकार मिळत नाही. 'बघू' म्हणाले तर ते चांगलं लक्षण समजा आणि पुन्हा जा.

निकाल लागल्यावर

शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेच्या यादीत नाव आलं नाही तर दुसऱ्याच दिवशी पोराला गाठा. सांत्वन नको. पेपर पुढ्यात घ्या, मार्क कुठे गेले ते बघा, आणि पुढची तारीख सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तुम्ही दाखवलेली वाट सोडून पोरगं भलतीकडे गेलं तर रुसू नका. सायन्सला घातलेला एक मुलगा वर्षभरात ते सोडून मिरजेत सतारी बनवणाऱ्यांकडे भोपळा कोरायला बसला. मला वाईट वाटलं होतं, पण त्याच्या बोटांतलं कसब बघून गप्प बसले.

कागद

आता खरं काम. आठवीला एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या पोरांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा, सातवीला निदान ५५ टक्के असलेला (एससी-एसटीला ५०) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेला कुणीही बसू शकतो. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा. बौद्धिक क्षमतेसाठी क्लास लावायची गरज नाही. परिपाठाआधी फळ्यावर रोज एक कोडं लिहा, संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा. जूनपासून सुरू केलंत तर परीक्षेपर्यंत पोरं तुम्हालाच कोडी घालायला लागतात. फक्त 'हुशार' चारपाच जणांना बसवू नका, सगळ्या पात्र पोरांना बसवा. मधल्या बाकावरचं नाव यादीत आलं की त्या घरात शिक्षणाबद्दल बोलण्याची पद्धतच बदलते.

निवड झाल्यावर काम संपत नाही. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि अकरावीला पैसे चालू राहायला दहावीत ६० टक्के (एससी-एसटीला ५५) लागतात. पोरं हे विसरतात, शाळाही विसरते. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

आठवीतल्यांना आणखी एक दार आहे. पलूसचं नवोदय विद्यालय आणि १९६१ साली सुरू झालेलं साताऱ्याचं सैनिक स्कूल सगळ्यांना सहावीच्या प्रवेशासाठी माहीत असतं. दोन्हीकडे नववीलाही परीक्षा देऊन जाता येतं. जागा थोड्या असतात, पण फॉर्म भरणारेही थोडे असतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, बँकेत तिसरं. आठवीच्या जूनमध्येच तिन्ही कागद आणायला लावा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, ती पावसाळ्यातच उरका. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघतो, त्याची मुदत बघून घ्या. जातीचा दाखला असेल तर पडताळणीचं आत्ताच विचारून ठेवा, बारावीनंतर धावपळ नको. सगळ्याच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, वर पोराचं नाव मोठ्या अक्षरात. आणि पासपोर्ट साइजचे आठ फोटो एकदम काढून त्याच फाईलमध्ये ठेवायला सांगा. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी विट्याच्या स्टुडिओत रांग असते आणि साडेचारची एसटी कुणासाठी थांबत नाही.